दिलगीर आहोत, कृपया डीएम करा

महावीर जयंतीला आमच्या घरी पहाटेपासून गडबड असते. बस्तीत अभिषेक सकाळी लवकर, त्यानंतर मिरवणूक. पूजेची थाळी भरता भरता एकीकडे मोबाइल वाजतच असतो. शुभेच्छा, शुभेच्छा आणि शुभेच्छा. तीन वर्षांपूर्वी अशाच घाईत आमच्या श्राविका मंडळाच्या ग्रुपवर एक कार्ड आले. एका मोठ्या कापड दुकानाचे. खाली दुकानाचे नाव, सगळ्या शाखांचे फोन नंबर, आणि ठळक अक्षरांत 'रेशमी साड्यांवर २० टक्के सूट'. वर चित्र होते. कुरळे केस, डोक्यावर उंचवटा, एका खांद्यावरून घेतलेले चीवर. चित्र बुद्धाचे होते. त्याच्याखाली लिहिले होते, 'भगवान महावीर जयंतीच्या हार्दिक शुभेच्छा'.

ज्यांनी वस्त्राचा धागासुद्धा ठेवला नाही त्यांना चीवर नेसवले, आणि अहिंसेच्या दिवशी कोशातले किडे उकळून काढलेल्या रेशमावर सूट दिली. एका कार्डात एवढे सगळे! पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या कार्डाखाली आमच्या मंडळाच्या अकरा जणींनी हात जोडले होते. त्यातले एक जोडहात माझे. चष्मा लावला नव्हता म्हणून, असे मी स्वतःला सांगते. दुपारी चष्मा लावून बघितले तेव्हा लाज वाटली.

मग मी त्या दुकानाच्या फेसबुक पानावर लिहिले. मराठीत, सभ्यपणे. चित्र कुणाचे आहे ते सांगितले, रेशमाचेही सांगितले. चार मिनिटांत उत्तर आले. मला केवढे बरे वाटले! उघडून बघते तर इंग्रजीत मजकूर, आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आपला दिवस आनंदात जावो. पुढे एक फूल. पुढच्या वर्षी महावीर जयंतीला तेच कार्ड, तेच चित्र आले. सूट मात्र २५ टक्के झाली होती.

तेव्हापासून मला नादच लागला. कंपन्या, बँका, दुकाने, सरकारी खाती समाजमाध्यमांवर आपल्याशी काय बोलतात ते मी वाचत बसते. घरचे म्हणतात, हे काय वाचायचे साहित्य आहे? मी म्हणते, आहे की! रोज कोट्यवधी लोक हेच वाचतात. त्याची टीका कुणी करायची नाही का? आपल्या परंपरेत टीका म्हणजे निंदा नव्हे. षट्खंडागमावर वीरसेनाचार्यांनी 'धवला' लिहिली, तीही टीकाच. शब्दाचा अर्थ उलगडून दाखवायचा, एवढेच तिचे काम. मी त्याच अर्थाने टीका करायला बसले आहे, मजकूर फक्त फारच हलका आहे.

हा मजकूर आला कुठून, ते आधी बघू. पूर्वी तक्रार म्हणजे दोघांतली गोष्ट असे. दुकानदार आणि गिऱ्हाईक. फार तर पत्र लिहायचे, उत्तराची वाट बघायची. २००९ साली यात मोठा बदल झाला. डेव्ह कॅरल नावाच्या कॅनडातल्या गायकाची गिटार युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. त्याने कित्येक महिने भरपाई मागितली, कंपनीने दाद दिली नाही. शेवटी त्याने त्या गिटारवर एक विनोदी गाणे रचले आणि यूट्यूबवर टाकले. थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी ते बघितले. मग मात्र कंपनीला जाग आली.

व्यवस्थापन शिकवणारे हे उदाहरण आजही सांगतात. त्यातून शिकायला हवे होते ते असे की माणसाने पहिल्यांदा सांगितले तेव्हाच ऐकावे. कंपन्या शिकल्या ते वेगळेच. चारचौघांत कुणी बोलले तर लगेच उत्तर द्यावे, एवढेच त्यांनी घेतले. म्हणजे भीती तक्रारीची बसली नाही, बघणाऱ्यांची बसली.

त्यातूनच ही सगळी यंत्रणा उभी राहिली. आपण कंपनीचे नाव घेऊन कुठे काही लिहिले की सॉफ्टवेअर ते हुडकून काढते. राग आहे की कौतुक, लिहिणाऱ्याच्या मागे किती लोक आहेत, बातमी होण्यासारखे आहे का, याप्रमाणे त्याची वर्गवारी होते. मग बहुतेक वेळा कंपनीचा माणूसही नाही, तर कंत्राट घेतलेल्या दुसऱ्या संस्थेतला एखादा मुलगा किंवा मुलगी तयार वाक्यांतले एक वाक्य चिकटवते. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया डीएम करा.' डीएम म्हणजे खासगी निरोप. या वाक्याचा अर्थ साध्या मराठीत सांगायचा तर, बाई, रस्त्यावर ओरडू नका, आत या. दिलगिरी बाहेरच्यांना ऐकू जाते, पुढचे काय झाले ते कुणालाच दिसत नाही. किती वेळात उत्तर दिले याचे मोजमाप असते. माझी चार मिनिटे कुणाच्या तरी तक्त्यात चांगली नोंद म्हणून गेली असणार.

सगळेच असे असते म्हणणे अन्यायाचे होईल. सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते, तेव्हा रेल्वेने ट्विटर ज्या तऱ्हेने वापरले ते आठवून बघा. प्रवासात बाळाला दूध हवे, कुणाला औषध हवे, एकट्या बाईला डब्यात कुणी त्रास देतो आहे, असे लिहिले आणि पुढच्या स्टेशनावर माणूस हजर झाला, असे कितीतरी प्रसंग त्या वेळी वर्तमानपत्रांत आले. आमच्यासारख्या लेकी-सुनांना रात्रीच्या गाडीने माहेरी पाठवणाऱ्या घरांत त्याने धीर आला होता.

ते का जमले? ट्विटरमुळे नव्हे. पुढच्या स्टेशनावर रेल्वेचा माणूस होता म्हणून. ज्याच्या हाती आदेश द्यायचे होते त्याने आदेश दिले आणि ज्याने डब्यात जायचे होते तो डब्यात गेला. खाते हे नुसते दार होते, दाराच्या मागे घर होते. कापड दुकानाच्या पानाला दार आहे, मागे घरच नाही. तरीही रेल्वेबद्दल एक शंका मनात राहते. त्याच गाडीत जनरलच्या डब्यात बसलेल्या, मोबाइल नसलेल्या बाईचे बाळही उपाशी होते. तिच्याकडे कोण गेले? ज्याला लिहिता येते आणि ज्याचे दहाजण वाचतात त्याला आधी ऐकू आले. मदत मिळाली ती चांगलीच, पण रांग मोडून मिळाली, हे विसरू नये.

आता आपल्या ताटाशी येऊ. घरपोच जेवण देणारी झोमॅटो कंपनी समाजमाध्यमांवर फार बोलकी. गमती करते, चिडवते, मैत्रिणीसारखे 'जेवलीस का' म्हणून विचारते. तिच्या बोलण्याचे चार प्रसंग एकापुढे एक ठेवून वाचले की या लेखनप्रकाराचे सगळे गुणदोष कळतात.

जुलै २०१९. जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डबा आणणारा माणूस दुसऱ्या धर्माचा आहे म्हणून तो बदलून मागितला. कंपनीने नकार दिला आणि अन्नाला धर्म नसतो, या अर्थाचे उत्तर जाहीरपणे लिहिले. खूप कौतुक झाले, खूप शिव्याही पडल्या. मला ते उत्तर आवडले होते. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला धंद्यात हिंमत लागते.

जून २०२३. पर्यावरण दिनानिमित्त एक जाहिरात. 'लगान' चित्रपटात कचरा नावाचे दलित पात्र आहे. ती भूमिका केलेल्या नटालाच घेऊन, त्याला दिवा, कागद असल्या टाकाऊतून बनवलेल्या वस्तूंच्या रूपात दाखवले. माणसाची वस्तू केली, तीही त्या नावाच्या कोटीसाठी. लोक संतापले तेव्हा जाहिरात मागे घेतली. सोबतच्या निवेदनाचा आशय असा होता की अनवधानाने आम्ही काही समाजांच्या आणि व्यक्तींच्या भावना दुखावल्या असाव्यात. व्याकरण बघा. 'आम्ही दुखावल्या' नाही, 'दुखावल्या असाव्यात'. कुणाच्या? 'काही समाजांच्या'. कशाने? त्याचे उत्तर त्या वाक्यात नाही. कर्ता आहे, पण कर्म धूसर, आणि क्रियापद संशयात. अशा वाक्याला मराठीच्या बाईंनी वर्गात उभेसुद्धा केले नसते.

मार्च २०२४. हा प्रसंग थेट आपला. १९ तारखेला कंपनीचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी एक्सवर जाहीर केले की शुद्ध शाकाहारी लोकांसाठी वेगळी सोय, वेगळे डबेवाले, त्यांचा गणवेश हिरवा, पेटीही हिरवी. आमच्या ग्रुपवर आनंदीआनंद झाला. कित्येक वर्षांत एवढ्या मोठ्या कंपनीने आपले ऐकले, असे म्हणत अक्कांनी, वहिनींनी फुले टाकली. मीही टाकले. खोटे कशाला सांगू? ज्या पेटीत मटणाचा डबा सांडला असेल त्याच पेटीतून आपली इडली येते, ही किळस मलाही आहे. ती चुकीची आहे असे मला आजही वाटत नाही.

पण त्याच संध्याकाळी लोक विचारू लागले, तांबडा गणवेश घालून येणाऱ्या पोराचे काय? तो सोसायटीच्या फाटकात आला की रखवालदाराला लांबूनच कळणार, हा 'त्यातला'. सणावाराला त्याला आत सोडतील का? आणि ज्या भाडेकरूच्या दारात तांबडा माणूस आला, त्याचा घरमालक काय म्हणेल? आपण शहरांत घर भाड्याने देणारे लोक आहोत, घर देताना काय विचारतो ते आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी, २० तारखेला, हिरवा गणवेश रद्द झाला. सगळे तांबड्यातच राहतील, शाकाहारींसाठीची सोय आतल्या आत चालेल, असे जाहीर झाले. कारण म्हणून डबेवाल्यांची सुरक्षितता आणि गिऱ्हाइकांना घरमालकांकडून होणारा त्रास, हीच सांगितली.

एका दिवसात चूक सुधारली म्हणून अनेकांनी वाहवा केली. सुधारली ते चांगलेच झाले. पण मी दोन्ही दिवसांचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचला तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न आला. हा गणवेश जो घालणार होता त्याला कुणी आधी विचारले असते तर? उन्हातान्हात फाटकाफाटकावर उभा राहणारा पोरगा हे पाच मिनिटांत सांगू शकला असता. जे त्याला रोज दिसते ते कार्यालयातल्या लोकांना एक्सवरच्या हजारो अनोळखी लोकांनी ओरडून सांगावे लागले. गिऱ्हाइकाशी नाते जोडायच्या नादात स्वतःच्या माणसाशी बोलायचे राहून गेले.

आणि आमचेही तसेच. पेटीतल्या जेवणाला काही लागू नये म्हणून आम्ही एवढ्या हळव्या झालो, पेटी वाहणाऱ्याला काय लागेल ते आमच्या एकीच्याही मनात आले नाही. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचे भेद आपण लहानपणी पाठशाळेत घोकतो. तो पोरगा पंचेंद्रिय आहे, मनासकट.

जानेवारी २०२५. चौथा प्रसंग. एका गिऱ्हाइकाने लिंक्डइनवर दाखवून दिले की बिलात शाकाहारी सोय सुरू केल्याबद्दल वेगळे शुल्क लावले आहे. शाकाहारी असण्याचा दंडच की! गोयल यांनी हा आपला मूर्खपणा होता असे सरळ मान्य केले, माफी मागितली आणि शुल्क काढून टाकले. चारांतली ही सगळ्यात बरी माफी. यात कर्ता आहे, चूक कोणती ते आहे, आणि पुढे काय करणार तेही आहे. तरी एक गोष्ट उरतेच. बिलात ती ओळ आपोआप आली नव्हती. कुणीतरी बसून ती घातली, कुणीतरी मंजूर केली. चारचौघांत बोभाटा झाला नसता तर ती ओळ तिथेच राहिली असती.

कुठली माफी बरी आणि कुठली पोकळ, हे मी कशावरून ठरवते? त्यासाठी मला परदेशी पुस्तके वाचावी लागली नाहीत. आपल्याकडे हे शास्त्र दोन हजार वर्षे घासून-पुसून ठेवलेले आहे. झालेल्या दोषापासून मागे फिरणे ते प्रतिक्रमण. आताचा दोष स्वतःच्या तोंडाने, नाव घेऊन सांगणे ती आलोचना. पुढे तो करणार नाही असा नियम घेणे ते प्रत्याख्यान. तिन्ही असतील तर क्षमा मागितली असे म्हणायचे. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीला आपण एकमेकींच्या दारी जातो ते एवढ्यासाठीच. ज्या जावेशी वर्षभर बोलणे नाही तिच्या उंबऱ्यावर उभे राहणे अवघड असते. अवघड असते म्हणूनच त्याला अर्थ असतो.

या तीन मापांनी मोजले की कंपन्यांच्या बहुतेक दिलगिऱ्या आलोचनेलाच अडखळतात. दोषाचे नाव घेतले तर उद्या कोर्टात अंगाशी येईल, म्हणून नाव घ्यायचेच नाही. जिथे नावच घेतले नाही, तिथे मागे फिरायचे कशापासून?

दुसरे एक मापही आपल्याकडे आहे, ते तर खास व्यापाऱ्यांसाठीच केलेले. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यातले दोन आपल्या वाणी घरांत पूर्वी मुलांना पाठ असत. एक, मापात कमी-जास्त करणे. दुसरा, प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खपवणे. तुपात भेसळ, सोन्यात भेसळ. आज भेसळ शब्दांत होते. माल न वापरता लिहिलेले 'फार छान, पाच तारे' हे अभिप्राय, पैसे घेऊन पण पैसे घेतले न सांगता केलेले कौतुक, खोट्या नावाने उभे केलेले चाहते, हा सगळा प्रतिरूपक व्यवहारच आहे. सरकारलाही ते पटलेले दिसते. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे छापावेत याचे भारतीय मानक २०२२ मध्ये आले. समाजमाध्यमांवर मालाची शिफारस करणाऱ्याने पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर ते स्पष्ट सांगावे, अशी मार्गदर्शक सूत्रे २०२३ च्या जानेवारीत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिऱ्हाइकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना बंदी झाली. न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू सरकवणे हीसुद्धा त्यातलीच एक.

प्रतिरूपकाची सगळ्यात वाईट तऱ्हा मात्र आमच्या गल्लीतच बघायला मिळाली. शेजारच्या वहिनींनी मागवलेले पार्सल आले नाही. त्यांनी कंपनीच्या पानावर तक्रार लिहिली आणि खाली स्वतःचा फोन नंबर दिला. अर्ध्या तासात फोन. कंपनीकडून बोलतो, फार दिलगीर आहोत, पैसे परत करतो, फक्त या दुव्यावर जाऊन पिन टाका. आवाज गोड, 'मॅडम, मॅडम' करत बोलणारा. फोटोच्या जागी कंपनीचे चिन्हही होते. वहिनींनी पिन टाकला आणि लेकीच्या फीसाठी ठेवलेले पैसे गेले. त्यांनी चार दिवस घरात कुणाला सांगितले नाही. चौथ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या.

चोर त्या पानावर टपून बसलेले असतात. दुखावलेली, घाईला आलेली माणसे कुठे भेटतील हे त्यांना कंपनीपेक्षा चांगले कळते. आणि वहिनी फसल्या त्याला कारणही आहे. कंपनीची खरी माणसे आणि तो चोर, दोघांची वाक्ये एकच होती. 'दिलगीर आहोत' हे जर सगळ्यांनी पोपटासारखेच म्हणायचे, तर खरा पोपट कोणता हे बाईमाणसाने ओळखायचे कसे?

म्हणून मैत्रिणींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठी असतो. पैसे गेलेच तर लाज बाजूला ठेवून त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा, चार दिवसांनी नव्हे. मालाची तक्रार असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येते. आपल्या सीमाभागातल्या बायकांना हे विशेष महत्त्वाचे, कारण कंपनीच्या पानावर आपण मराठीत लिहिले की उत्तर इंग्रजीत नाहीतर हिंदीत येते. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिथे कुणी फूल पाठवत नाही, पण कागद नोंदला जातो.

कायद्याचा कागद किती कामाचा असतो ते आपल्या फडताळातच दिसते. जुलै २०२१ मध्ये कॅडबरीच्या चॉकलेटात गोमांसातले जिलेटिन असल्याचे एक चित्र मोबाइलवर फिरले. आपल्या ग्रुपांवर तर आगीसारखे पसरले. कंपनीने ट्विटरवर खुलासा केला की ते पान भारतातल्या मालाचे नाही, इथला माल शाकाहारी आहे आणि वेष्टनावरचा हिरवा ठिपका तेच सांगतो. इथे कंपनीने माध्यम योग्य वापरले, असेच म्हणेन. पण तो खुलासा आपल्यातल्या किती जणींनी पुढे पाठवला? मला ते चित्र सात ठिकाणांहून आले, खुलासा एकाही ठिकाणाहून आला नाही. आपण सत्याणुव्रताच्या गोष्टी करतो! तो हिरवा ठिपका कुणाच्या आपुलकीतून आलेला नाही. कायद्याने छापायला लावला म्हणून छापला जातो. गेली वीसहून जास्त वर्षे आपल्या खरेदीचा आधार तो इवलासा ठिपका आहे, कंपन्यांची गोड बोलणी नव्हेत.

मग गिऱ्हाइकाशी नाते जोडणे हे सगळे ढोंगच का? नाही. आमच्या भागात एक अक्का आहेत. चटण्या, मेतकूट, भाजणी, पिठे करून विकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा साठ-सत्तर बायकांचा ग्रुप आहे. शुभेच्छांची कार्डे नाहीत, फुले नाहीत. पावसाळ्यात त्यांचा निरोप येतो, 'आज गहू दळले. मर्यादा तीन दिवस.' उन्हाळ्यात पाच दिवस, थंडीत सात. व्रती घरांना एवढेच हवे असते. दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात त्यांचा निरोप आला. 'परवा दिलेली शेंगदाण्याची चटणी ज्या कांडपावर केली, तिथे आधी लसणाचा मसाला कांडला होता. मला आज कळले. चूक माझी, मी विचारायला हवे होते. चटणी परत द्या, पैसे घ्या. ज्यांचा नियम मोडला त्यांनी मला क्षमा करावी.' एवढे लिहून त्या थांबल्या नाहीत. ज्या मोबाइल बघत नाहीत त्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी स्वतः गेल्या. त्या महिन्याची कमाई त्यात गेली. पुढच्या महिन्यात त्यांनी घरीच लहान यंत्र बसवले.

प्रतिक्रमण, आलोचना, प्रत्याख्यान, तिन्ही आले. आणि हेही त्याच मोबाइलवर, त्याच माध्यमात घडले. मोठ्या कंपनीला लाखो घरी जाता येणार नाही, हे मला कळते. पण चूक नाव घेऊन सांगणे आणि यंत्र बदलणे याला उंबरे मोजावे लागत नाहीत.

यंदा महावीर जयंतीच्या आठवडाभर आधी मी त्या कापड दुकानात स्वतः गेले. जुने कार्ड मोबाइलवर उघडून काउंटरवरच्या मुलीला दाखवले. तिने बघितले, मोठे करून बघितले. म्हणाली, "अय्या, हे बुद्ध आहेत होय! आमच्या कुणाच्याच लक्षात नाही आलं." मग मॅनेजरांना बोलावले. ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "काकू, हे आमच्या हातात नसतंय. कार्ड वरनं येतंय. आम्ही फक्त पुढं पाठवतो."

रागवायला गेले होते, तशीच परत आले. फाटकातला पोरगा, तयार वाक्ये चिकटवणारी मुलगी आणि हे मॅनेजर, आपल्यासमोर उभे असतात त्यांच्या हातात काही नसते. ज्यांच्या हातात असते ते आपल्याला दिसत नाहीत. एवढ्या सगळ्या माध्यमांनी हे अंतर कमी व्हायला हवे होते. झाले ते एवढेच की ते दिसेनासे झाले.

मॅनेजरांकडून मी मुख्य कार्यालयाचा पत्ता घेतला आणि साधे पत्र टाकले, पोस्टाने. अजून उत्तर नाही. महावीर जयंतीला पहाटे कार्ड आलेच. चित्र तेच. या खेपेस मी चष्मा लावून बसले होते. ग्रुपवर फक्त एवढे लिहिले, 'हे भगवान महावीर नाहीत.' थोड्या वेळाने बघितले तर कुणीच हात जोडले नव्हते. कार्ड पाठवणाऱ्या वहिनींनी ते काढून टाकले होते, आणि खाली लिहिले होते, 'चूक झाली गं. न बघता पाठवलं. पुढच्या खेपेला बघून पाठवीन.'

मी थाळी उचलली आणि बस्तीकडे निघाले.